तीन नंबरचं पुंजनं

गोमा मेला तवापर्यंत मी त्याले खोटं सांगत आलो.

आज त्याची पुण्यतिथी. फोटो नाही माझ्यापाशी. हार, दिवे, हात जोडलेले स्टिकर कोनी टाकू नका. वाचा फक्त.

गोमा आसगावचा, मी शेजारच्या गावचा. दोघंही धानाच्या घरचे. दोघंही शाळा अर्धी सोडून तोफखान्यात भरती झालो.

एकाहत्तरची लढाई. आम्ही पूर्वेकडे. तिकडं पन धानाचाच मुलूख, आपल्यासारखा.

मी खाली तोफांपाशी, वायरलेसवर. गोमा वर, विमानात.

विमान म्हंजे तुम्ही समजता तसलं नाही. दोन सीटचं, लोखंडी नळ्यांवर कापड तानलेलं. बंदूक नाही, बॉम्ब नाही. समोर कप्तान साहेब चालवनार, मागं गोमा पाहनार.

दुश्मनच्या तोफा कुठं लपल्या ते वरून पाहाचं अन् वायरलेसवर सांगाचं. आमचा गोळा पडला की "दोनशे डावीकडे, शंभर पुढं" असं करत निशान्यावर आनाचं. तोफेले समोरचं झाड दिसत नाही, पाच-सहा मैलांवरचं कुठून दिसते?

त्या दिवशी आमची पायदळाची एक कंपनी नाल्याच्या पाळीमागं अडकली होती. सकाळपासून त्यांच्यावर गोळे पडून राहिले होते. डोकं वर काढलं की गेला.

धुकं फाटलं तसं विमान उडालं.

कप्तान साहेबांचा आवाज आला. "धान के तीन ढेर दिख रहे हैं. वहीं से धुआँ उठा है. तीनों लिखो."

मी तिन्ही ठिकानं लिहून घेतली. आमचा लेफ्टनंट बाजूलेच उभा. त्यानं एक नंबरवर तोफा लावल्या. चौथा गोळा बरोबर बसला. साहेब वरून ओरडले, "नीचे तोप थी! उड़ गई!"

नाल्यावर गोळे पडनं कमी झालं. बंद नाही झालं.

मग वायरलेसवर गोमा. मागं इंजिनचा आवाज, अन् टप-टप-टप. मशीनगन.

"अबे, आयकून राहिला काय? दोन नंबर हान. त्याच्यावर नुसती झोडलेली तनस पसरली हाय. चिखलाच्या बांधीत कोन पुंजनं रचते बे? पन तीन नंबरले हात नको लावू. ते खरं हाय. लोंब आत हाय."

शहरातल्यांसाठी सांगतो. बांधी म्हंजे धानाचं शेत, तनस म्हंजे दाने झोडून उरलेला पेंढा. कापलेल्या धानाचे भारे एकावर एक रचतो, त्याले पुंजनं म्हनतात. लोंब आत, बुडखे बाहेर. पाखरानं खाऊ नये, दव लागू नये. झोडेपर्यंत घराचं वर्षाचं अन्न तिथंच उभं असते.

एवढं पाहाले गोमानं साहेबाले विमान खाली घ्याले लावलं होतं.

मी भडकलो. "इथं नाल्यात मानसं मरून राहिले, अन् तू लोंब पाहून राहिला काय बे?"

"तू सांग तिथल्या साहेबाले. तीन नंबर सोडा म्हना. मले लागलं हाय रे."

खरखर. मग काहीच नाही.

लेफ्टनंट म्हने, "क्या बोल रहा था? ये कौन सी बोली है?"

"दो नंबर पक्का है साब. प्लेन को गोली लगी, वापस जा रहा है."

"और तीन?"

लोंब आत म्हंजे काय, हे मले समजवाची गरज नव्हती. पन मले ती कटकट वाटली. तिन्ही उडवा अन् मोकळे व्हा. एका पुंजन्याचं काय एवढं.

म्हनलं, "तीन का कुछ नहीं बोला साब."

दोन नंबरवर गोळे गेले. समोरून मारा थांबला. नाल्यातली कंपनी उठून पुढं गेली.

काम झालं होतं.

तरी तीन नंबरवर सहा गोळे गेले. लिहिलेलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी तोफा घेऊन तिथूनच निघालो. दोन जागी मोडलेल्या तोफा. तिसऱ्या जागी कोळसा. एक बुढा सूप घेऊन राखेतून भाजलेले दाने पाखडून राहिला होता. बाजूले त्याचं सारवलेलं खळं. बैलगाडीची वाट पन होती.

त्यानं मान वर केली नाही. आमची गाडी थांबली नाही.

गोमाची डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात गेलो तर पहिला सवाल, "तीन नंबर?"

"सोडलं."

हसला तो. झोपला.

मग दोघंही गावी आलो. दरसाल धान कापनीत गोमा लोकायले सांगे, "आपन एक पुंजनं वाचवलं लढाईत!"

वहिनी भारे उचलता उचलता म्हनत, "तिकडचं वाचवलं, अन् घरचं रचाले मले लावते!"

"दोन बोटं कमी हायेत माझे."

"जीभ तर पूरी हाय ना!"

सगळे हसत. मी पन.

एकदा लाखांदूरच्या एसटी स्टँडवर हिंमत केली. म्हनलं, "गोमा, ते तीन नंबर..."

"मी पन तोच इचार करून राहिलो होतो," तो म्हने. "त्या मानसाचे लेकरं मोठे झाले असतीन नाही आता? तेच धान खाऊन."

बस लागली. माझी नव्हती. तरी चढलो.

ऐंशीच्या सालांतच काविळीनं गेला. मसनात एकानं भाषन केलं, दुश्मनाच्या मुलखात शेतकऱ्याचं अन्न वाचवनारा मानूस म्हनून. मी खांदा देऊन बाजूले उभा होतो. तवा पन तोंड उघडलं नाही.

आता वहिनी पन गेल्या.

गोमा, पुंजनं जळलं.

वायरलेस चांगला होता. तुझं बोलनं मले पूरं आयकू आलं होतं.

राम राम, भाऊ.