काळी पडलेली पट्टी

आमच्या दिघ्यात गंगारामइतका बोलका रिक्षावाला दुसरा नाही. स्टेशनपासून घर येईस्तोवर तो तुमच्या सगळ्या नातेवाइकांची चौकशी करणार, आणि उतरताना वर सल्लाही देणार. असा माणूस एका गोष्टीबाबत मात्र तोंडाला कुलूप लावून बसला, त्याचा मला अजून राग येतो.

साखरेचा आजार त्याला जुनाच. उजव्या तळव्यात चपलेचा खिळा घुसला, पण पाय बधिर, त्यामुळे त्याला कळलंच नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा त्याच्या बायकोने, गिरजाबाईने, पाय उचलून बघितला. नंतर वर्ष गेलं तरी जखम भरायचं नाव घेईना. मलमं झाली, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. घरात वास येऊ लागला, आणि आम्ही शेजारी तो येतच नाही असं दाखवत त्यांच्याकडे चहा पीत राहिलो. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा. पाय गेला की रिक्षा गेली, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. शिवाय त्याच्या धाकट्या भावाचा, अंकुशचा, पाय याच दुखण्यात गेला होता. आधी अंगठा काळा पडला, मग गुडघ्याखाली कापावा लागला. गंगारामने त्याचा धसकाच घेतला होता.

खारघरच्या एका दवाखान्यात डॉक्टर आशुतोषनी त्याला समजावलं, की जंतूंनी जखमेवर चिकट थर धरलाय, त्याच्या आड ते लपतात आणि औषध पोचत नाही. आता नवी नॅनो पट्टी लावू, तिच्यातले अतिसूक्ष्म कण जंतूंना मारतील. नॅनो म्हटल्यावर गंगारामला गाडी आठवली, आणि पुढे आठवडाभर प्रत्येक पॅसेंजरला त्याने तोच विनोद ऐकवला. पण गुण आला. वास गेला, जखमेच्या कडा लालसर दिसू लागल्या. गिरजाबाईने आम्हाला खीर पाठवली.

मग एके दुपारी पट्टीची कड सुटली आणि गंगारामने आत डोकावलं. आत सगळं काळं होतं.

त्याने कोणाला सांगितलं नाही. पट्टी काढून फेकली, जुनं मलम थापलं, वर फडकं बांधलं. पट्टी बदलायचा दिवस आला की रिक्षा घेऊन निघायचा, ऐरोलीच्या नाक्यावर वेळ काढायचा आणि घरी येऊन डॉक्टर खूश आहेत म्हणायचा. दवाखान्याचे फोन त्याने उचलले नाहीत. पाय कापायला सांगतील, एवढंच डोक्यात. शेवटी तापाने फणफणला तेव्हा गिरजाबाईने फडकं सोडलं, आणि मला हाक मारली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस आला का नाहीत? गंगाराम भिंतीकडे बघत म्हणाला, "पाय काळा पडला व्हता, सायेब. अंकुशचा बी तसाच पडला व्हता."

डॉक्टर हातातलं काम सोडून खाली बसले. "काका, ती चांदी होती. त्या पट्टीतले कण चांदीचे असतात. चांदी काळी पडते."

गिरजाबाईने आपल्या पायातल्या जोडव्यांकडे बघितलं. काळी पडलेली ती चांदी गिरजाबाई दर चौदा एप्रिलच्या जयंतीला टूथपेस्ट लावून घासते.

"चांदी हाय, येवढंच बोलला असता," ती म्हणाली, "तर आमाला कळलं असतं की."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. डॉक्टरांनी मान खाली घातली. मला डॉक्टरांचा आणि गंगारामचा, दोघांचाही राग आला. एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही, आणि मधल्या मध्ये जखम पुन्हा सडली.

तीन बोटं आणि तळव्याचा तुकडा काढावा लागला. पाय राहिला. रिक्षा राहील का, ते अजून कोणी सांगू शकत नाही.

ऑपरेशननंतर पुन्हा तीच पट्टी लागली. ती बदलायच्या दिवशी मी सोबत होतो. सिस्टरने पट्टी उचलली, खाली काळं. गंगारामला आता सगळं ठाऊक होतं, तरी त्याने गिरजाबाईचा हात घट्ट धरला. सिस्टरने ओल्या कापसाने हलकेच पुसलं. काळं कापसावर आलं, आणि खाली ताजं लाल मांस दिसलं.

गंगाराम त्या कापसाकडे बघत राहिला.

"पुसलं की निघतंय," तो म्हणाला. "आन् मी बोटं दिली."