पडलेली चेन
काल जिन्याखाली शेजारीण सायकलच्या चेनला तेल घालत होती, आणि त्या वासाने वाघोलीच्या पुढची ती टेकडी आठवली. आमच्या घरात सगळेच सायकलवाले. दर शनिवारी बिबवेवाडीच्या गॅलरीत बसून बाबा चौघांच्या सायकली पुसायचे, तेलपाणी करायचे. आम्ही जवळ गेलो की म्हणायचे, "तुम्ही फक्त चालवा." त्या टेकडीवर एका रविवारी मुलामुलींची माउंटन बाइकची शर्यत होती. ताई तिसरी चालली होती, आणि नेमकी आमच्यासमोरच्या वळणावर तिची चेन पडली. बाबा पुढे सरकले, तशी दोरीपाशी उभी असलेली स्वयंसेविका म्हणाली, "काका, हात लावलात की ती बाद. बघायला मनाई नाही." ताईने सायकल उलटी केली, चेनकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बाबा, कशी बसवायची?" बाबा सांगायला गेले, पण त्यांना ते शब्दांत सांगता येईना, बोटं नुसती हवेत फिरत राहिली. बाकीची मुलं धूळ उडवत पुढे निघून गेली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मानेवर ऊन तेवढं जाणवत होतं. शेवटी ताई सायकल ढकलत उतरून गेली. घरी आल्यावर बाबांनी सवयीने साबण लावून कोपरापर्यंत हात घासले. हात स्वच्छच होते. काल तेल घालता घालता चेन निसटली, तशी शेजारणीने विचारलं, "जरा चेन बसवून देता का?" मी सायकल धरून उभा राहिलो. मला अजूनही येत नाही.