कुंतीच्या चुलीखालचा दगड

समुद्रापारच्या उसाच्या बेटावर, नुव्हेल फ्रांस गावच्या तुलसीरामने तीस वर्षं सर्वेयरची जमीन मोजायची साखळी ओढली. साहेब दुर्बिणीतून बघणार, वहीत लिहिणार. काटे नि चिखल तुडवणार तुलसीराम. ग्रँ-पोर जिल्हा कुठे संपतो आणि सावान कुठे सुरू होतो, ते त्याच्या तळव्यांना ठाऊक. हद्दीवर रोवायच्या दगडाला तिथे बोर्न म्हणतात. असे त्याने शेकड्यांनी रोवले. वीतभर जमिनीवरून भावाभावांत जुंपली की लोक त्यालाच बोलावत, आणि त्याचा शब्द दोघेही मानत.

पण दिव्याखाली अंधार असतोच. १९६०च्या वादळात त्याचं गवताचं घर उडालं, जागेवर तळं साचलं. शेजारच्या उंचवट्यावरून नदीकडे सरकारी वाट जायची; वादळात तीही बुजली, नेमकी कुठून होती ते फक्त त्यालाच ठाऊक. चार महिन्यांपुरती म्हणून त्याने त्या वाटेवरच पत्र्याची खोली उभारली. बायकोने, कुंतीने, जमिनीतून डोकावणारा एक सपाट दगड पाहिला आणि त्यावर चूल मांडली. तो त्या वाटेच्या हद्दीचा बोर्न होता, तुलसीरामनेच रोवलेला. तो गप्प बसला. चार महिन्यांची सहा वर्षं झाली.

लोक बिचारे बाजूच्या उसातून नदीवर जात राहिले. १९६६ साली मळेवाल्यांनी तिथेही तार ओढली, खालच्या बुजलेल्या वाटेवरूनसुद्धा. आता गणपती पोचवायला, मयताची राख सोडायला वाटच उरली नाही. गावच्या कौन्सिलची सभा भरली. मळ्याचा मुकादम म्हणाला, सरकारी वाट कधी नव्हतीच. असेल तर नकाशा दाखवा. नकाशाचा वादळात भिजून लगदा झाला होता. अध्यक्ष हरिप्रसाद तुलसीरामकडे वळला.

"काका, बोर्न कुठं हाय? तुमीच लावलात ना?"

"मो पा कोने," तुलसीराम पुटपुटला. मला ठाऊक नाही. मराठीतून खोटं बोलायला जीभ धजली नाही, म्हणून तिथली क्रेओल बोली.

घरी कुंतीने गरम भात वाढला. त्याने ताट बाजूला सारलं.

"बरं न्हाय का?" तिने विचारलं.

"तुज्या चुलीखाली बोर्न हाय, कुंती. आपलं घर वाटंवर हाय."

तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली. "सहा वर्सं मला त्याच्यावर रांधू दिलंत?" मग म्हणाली, "उद्या जाऊन सांगा. पन आता कुठं ऱ्हायचं, ते मला इचारू नका."

दुसऱ्या दिवशी गावादेखत तुलसीरामने स्वतःच्या हाताने चूल फोडली. राख झटकली तसा दगडावर कोरलेला मोजणीचा आकडा दिसला. मुकादमाने वाकून तो वाचला आणि वाट कबूल केली. महिन्याभरात तार निघाली आणि खोलीही. नवरा-बायको मेहुण्याच्या गोठ्याशेजारी राहायला गेली. त्यानंतर हद्दीच्या भांडणात तुलसीरामला कुणी बोलावलं नाही. घर गेल्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं. कुंतीही कामापुरतंच बोलायची.

चतुर्थीनंतर मिरवणूक त्या वाटेने निघाली. तुलसीराम सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून चालत होता. शेवटची आरती करायची होती; वाटेत चिखल होता, मूर्ती टेकवायची कुठे, म्हणून लोक थांबले. कुंती गर्दीतून पुढे आली. तिने पदराने बोर्न पुसला.

"हितं ठेवा," ती म्हणाली. "सहा वर्सं रोज सारवलाय मी."

मूर्ती दगडावर बसली. कुंतीने मागे वळून पाहिलं.

"लांब काय उभे ऱ्हायलात? म्होरं या. तुमीच लावलाय ना त्यो?"