अर्ध्या गादीचा कापूस

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा तिच्यासोबत एक गादी आली होती. तिच्या वडिलांच्या शेतातल्या कापसाची, आणि इतकी उंच, की पहिल्यांदा तिच्यावर आडवी झाले तेव्हा खाली जमीन आहे हेच मी विसरले. दोन हिवाळ्यांनी ती दबली, तेव्हा आमच्या शेतातला कापूस तिच्यात भरला. थंडीत दुपारी आम्ही ती अंगणात बाजेवर उन्हाला टाकायचो आणि झाडायच्या निमित्तानं दोघी तिच्यावरच लोळायचो. डोळे मिटले की पापण्यांआड केशरी रंग पसरायचा. मुकुटबनच्या रस्त्यावरची एसटी लांब कुठूनतरी यायची आणि तशीच विरून जायची. म्हातारपणी दोघींनी अशाच उन्हात बसायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. नणंद-भावजयीचं एवढं जमलेलं पाहून शेजारणींना मात्र करमत नसे.

मग कापसानं दगा द्यायला सुरुवात केली. एका वर्षी बोंडअळी, एका वर्षी पाऊस नाही, पिकला त्या वर्षी भाव नाही. बारावी झालेल्या वहिनीला यवतमाळला, लोहारा भागातल्या एका कारखान्यात काम मिळालं. तिथेच खोली करून ती राहू लागली, शनिवारी घरी यायची. घरात पीठ तिच्या पगाराचं आणि चपलांचा आवाज तेवढा भावाचा. तो वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आधी दोघं दिवसभर एकाच शेतात वेचणी करायचे. बोलायला काही नसलं तरी सोबत काम असायचं. आता तिच्याकडे आठवडाभराचं सांगायला असे आणि याच्याकडे काहीच नसे. ती बोलत राहायची, तो पानठेल्यावर निघून जायचा. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या एका गल्लीतल्या तीन सुना माहेरी गेल्या. गावानं मोबाइलला दोष दिला, टीव्हीला दिला, शिकलेल्या पोरींना तर भरभरून दिला. रिकाम्या शेताचं नाव कोणी घेतलं नाही.

दोन्हीकडची माणसं बसली आणि संमतीनं फारकत ठरली. आंदणाची भांडी परत गेली, राहिली गादी. आई मला म्हणाली, "त्यात आपलाबी कापूस हाय. तो काहून द्याचा तिले? काढून आन." भावानं गादी स्वतः गुंडाळली, उशीची बाजू आत घेऊन. सुतळीची गाठ मारली आणि तो बाहेर गेला.

पांढरकवड्याला पिंजाऱ्याच्या दुकानात भेटायचं ठरलं, तिथून वहिनीला यवतमाळची गाडी सोपी होती. म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं खोळ उसवली, कापूस हातात घेतला आणि विचारलं, यातला कोणता कोणाचा? आम्ही दोघींनी मूठ-मूठ घेऊन पाहिला, ओळखू येईना.

"बेटी, हा आता एकच झाला," तो म्हणाला. "वजनानं अर्धा करून देतो."

यंत्र सुरू झालं आणि दुकानभर पांढरं धुकं उठलं. दारातून आलेल्या उन्हात तंतू इतके सावकाश खाली येत होते, की मला वाटलं हे संपणारच नाही, घरी जायची वेळ होणारच नाही. बाहेर महामार्गावर ट्रक जात होते, त्यांचा आवाजही कापसातून गाळून यावा तसा येत होता. वहिनी माझ्याकडे पाहून हसली. आमचे केस, भुवया, सगळं पांढरं झालं होतं.

"पाह्य, झालो आपन म्हाताऱ्या," ती म्हणाली. "उन्हात बसाचं तेवढं राह्यलं."

गाडीत चढताना म्हणाली, "तुया लग्नात मले बोलावजो. मांगं बसीन, पन येईन." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

माझं लग्न लांबत गेलं. घरात काडीमोड झालेली, म्हणून दोन स्थळं दारातूनच परतली. तिसरं जमलं तेव्हा वहिनीच्या नावाची पत्रिका मी लिहिली, लोहाऱ्याच्या खोलीचा पत्ता घातला आणि आठवडाभर पिशवीत घेऊन फिरले. सासरच्यांनी विचारलं, ही कोण, तर काय सांगायचं? आई काही बोलली नव्हती, मीच घाबरले. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. भावानं फारकत कोर्टात घेतली. मी ती पेटीसमोर उभी राहून घेतली, आणि त्याची मला लाज वाटते.

आईनं त्या अर्ध्या कापसाची गादी मला आंदणात दिली. मी ती अधूनमधून पिंजून घेते. दुकानदार विचारतो, नवा कापूस भरू का, मी नको म्हणते. आता ती इतकी पातळ झालीय की खालच्या बाजेच्या नवारीचे वळ पाठीवर उठतात. माघात उन्हाला टाकते आणि एका कडेला सरकून तिच्यावर आडवी होते. कानामागचे केस खरोखरच पांढरे व्हायला लागलेत. हे जिला सांगायचं, तिचा माझ्याकडे असलेला पत्ता त्या न टाकलेल्या पत्रिकेवरचाच आहे.