धुळे ते सोनगीर आणि परत : चैत्रातले सव्वीस मैल

पिंप्राळ्याहून जळगावच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायला लोक बैलगाडी धरतात, सायकल काढतात किंवा चालत जातात. मी गेली तीन वर्षं धावत जातो. त्याआधी हिवतापानं मला दोन पावसाळे अंथरुणात ठेवलं होतं. उठलो तेव्हा विहिरीपर्यंत जातानाही दम लागायचा. मग रोज थोडं पुढं, रोज थोडं जोरात असं करत करत पाय सुटले ते सुटलेच. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत पोहोचायचं, घाम पुसून सदरा चढवायचा आणि कापसाच्या काट्यापाशी उभं राहायचं, हा माझा क्रम झाला.

फाल्गुनात धुळ्याच्या एका तालमीचं हस्तपत्रक आमच्या कारखान्यात आलं. विलायतेत होते तशी ‘मॅरेथॉन शर्यत’ धुळ्यात चैत्रात होणार, आग्रा रोडनं सोनगीरच्या पुढं जाऊन परत यायचं, एकूण सव्वीस मैल. पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि घरी येऊन सिंधूला, म्हणजे माझ्या पत्नीला, वाचून दाखवलं.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “चैत्रात? माणसं सावली शोधतात तेव्हा?”

“पहाटे सुरू होणार आहे.”

“जा. पण एक शब्द द्या. भोवळ आली तर बसायचं. लोक काय म्हणतील म्हणून पुढं जायचं नाही. मी दोन वर्षं तुमच्या उशाशी काढली आहेत.”

मी शब्द दिला. सोबतीला शेजारचे नाना यायला तयार झाले. नाना पेन्शनीत निघालेले डाकेचे हरकारे. उमेदीत खांद्यावर टपालाची थैली घेऊन रोज दहा-बारा मैल धावलेले. त्यांनी मला तीन आठवडे तयार केलं ते कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी, मेहरूणच्या तलावाकाठी. “उन्हाची ओळख आधी करून घे,” म्हणायचे. नव्या कॅनव्हासच्या बुटांकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि सांगितलं, “हे आधी महिनाभर घरात घालून फिर. शर्यतीला जुनेच घाल.”

धुळ्याला जायचं तर जळगावहून चाळीसगाव आणि तिथं गाडी बदलून धुळ्याचा फाटा, हा सरळ मार्ग. थर्ड क्लासचं तिकीट परवडतं, पण चाळीसगावला बराच वेळ बसावं लागतं. जाणाऱ्यानं डबा सोबत घ्यावा. आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि जळगावची डझनभर केळी घेतली होती. फाट्याची गाडी अगदी निवांत चालते. दोन्ही बाजूंना कापूस काढून झालेली काळी रानं, मधूनच एखादं निंबाचं झाड, त्याखाली बसलेली गुरं. नाना खिडकीशी बसून दर मैलाचा दगड पाहत होते आणि मनाशी काही तरी मोजत होते. जुनी सवय.

धुळ्यात उतरलो तेव्हा संध्याकाळ होती. पांझरा नदीला वाळूच जास्त, पाण्याची एक बारीक धार. धर्मशाळेत जागा मिळाली. खानावळीत उडदाची डाळ आणि भाकरी मिळाली, पोटभर. नानांनी मला मिरचीला हात लावू दिला नाही.

शर्यत सहाला सुटायची होती. आम्ही बावीस जण पहाटेपासून पटांगणात उभे. तालमीतले पहिलवान, शाळेचे दोन मास्तर, एक पोलीस, बाकी शेतकऱ्यांची तरणीताठी पोरं. पण निशाण दाखवणारे पाहुणे यायचे होते. सात वाजले, आठ वाजले. हारांसाठी आणलेली फुलं माना टाकू लागली. पाहुणे आले, त्यांचं भाषण झालं आणि निशाण पडलं तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “सकाळ गेली. आता दुपारची शर्यत समजून पळ. निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांना पुढं जाऊ दे.”

मी तसंच केलं. नगावपर्यंत शेवटून तिसरा होतो. आग्रा रोड रुंद आहे, पण खडीचा. मोटार लॉरी गेली की पाव मैल धुराळा. तोंडावर उपरणं धरून धावायचं. देवभाने गावाच्या पुढं एकेक जण मागं पडायला लागला. सोनगीरच्या गढीचा डोंगर दिसला तेव्हा मी नववा होतो आणि अंगात अजून जोर होता. गावात तांबटांची ठोकाठोक चालली होती. ती क्षणभर थांबली, कोणी तरी ओरडलं, “चला भाऊ, चला!” आणि पुन्हा सुरू झाली. गावापुढच्या दगडाला वळसा घालून परत फिरलो. अंगावर पाणी ओतून घेतलं. वाटलं, हे तर जमलं.

देवभानं जवळ येता येता घाम थांबला. आधी बरंच वाटलं. मग भर उन्हात अंगावर काटा आला. रस्त्याकडेची निंबं एकाची दोन दिसू लागली. मागून येणारा एक पहिलवान दिसत होता आणि मला फक्त एवढंच कळत होतं की तो पुढं जाता कामा नये. दहा पावलं, आणखी दहा पावलं. मग सिंधू आठवली, पिठाच्या हातांनी माझ्याकडे पाहणारी. मी थांबलो आणि मैलाच्या दगडावर बसलो. पहिलवान पुढं निघून गेला. डोळ्यांत पाणी आलं असतं, पण अंगात पाणी उरलं नव्हतं.

“कोठे पयी ऱ्हायना रे भाऊ? मांगे वाघ लागेल शे का?”

रस्त्यालगतच्या मळ्यात मोट हाकणाऱ्या एका बाईनं मला पळत येताना पाहिलं होतं. पन्नाशीची, काष्टा घट्ट मारलेली, हातात आसूड. मी बोलायचा प्रयत्न केला, जीभ हलेना. तिनं बैल थांबवले, तरातरा आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि दंड धरून मला ओढतच विहिरीशी नेलं. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात मला कपड्यांसकट बसवलं.

“आठे बस. उठू नको. माले मोट हाकनी शे.”

ती पुन्हा बैलांमागे गेली. मोट वर आली की गार पाणी धबाधबा माझ्या डोक्यावर पडायचं. चार-पाच मोटा झाल्यावर मला माझं नाव आठवलं. मग तिनं मीठ घातलेलं ताक दिलं, घोट घोट. हातानं फोडलेला कांदा दिला. जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून डोक्याला बांधला.

“शर्यत आहे, अक्का,” मी सांगितलं.

“कितला कोस?”

“तेरा.”

“आनि भेटस काय?”

“कागद.”

“कागद!” ती इतकी हसली की बैलांनी माना वळवल्या.

सावली हातभर सरकली तसा मी उठून जायला निघालो. तिनं आसूड आडवा धरला. “तशे नही. मना बैलेस्ना संगे पाच फेऱ्या कर. पडना नही ते जाय.”

म्हणून मी तिच्या बैलांबरोबर मोटेच्या उतारावर पाच वेळा खाली गेलो आणि पाच वेळा वर आलो. ती डोळ्यांत तेल घालून माझे पाय पाहत होती. पाचवी झाली तेव्हा तिनं मान हलवली.

पुढचं अंतर मी निम्मं धावलो, निम्मं चाललो. वाटेत तोच पहिलवान एका बैलगाडीत आडवा झालेला दिसला. शुद्धीवर होता, मला पाहून त्यानं हात हलवला. पटांगणात पोहोचलो तेव्हा मांडवाचे बांबू काढायला सुरुवात झाली होती. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी नाव विचारलं, वहीत लिहिलं, कागद दिला. नववा. माझ्यानंतर पायांवर कोणीच आलं नाही.

नाना पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. डोक्यावरच्या लुगड्याच्या तुकड्याकडे पाहत म्हणाले, “भोवळ आली होती?”

“आली होती.”

“बसलास?”

“बसलो.”

“मग चल, जेवू.”

चाळीसगावची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. पाय लाकडाचे झाले होते, तरी सकाळीच सोनगीरकडे जाणारी लॉरी धरून आम्ही दोघं देवभान्याला गेलो. अक्का त्याच मोटेवर होती. मी तुकडा धुऊन, वाळवून, घडी करून नेला होता.

“फडकं परत देवाले इतला लांब उना?” ती म्हणाली.

मी कागद दाखवला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला. “यावर तुनं नाव शे?”

“हो.”

“मनं नही?”

ती थट्टेनंच म्हणाली होती, पण नाना गंभीर झाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी विचारलं तेव्हा तिनं नाव सांगितलं, सखू. ते मी माझ्या नावाखाली लिहिलं. ती पुन्हा बैलांमागे वळली. नाना बराच वेळ तिला त्या उतारावर खालीवर जाताना पाहत राहिले. “हिचे दिवसाचे मैल कोणी मोजले नाहीत,” एवढंच बोलले.

घरी आल्यावर सिंधूनं पायांना तेल चोळता चोळता कागद वाचला. “ही सखू कोण? तीही धावली?” मी सगळं सांगितलं. थारोळ्याशी आलो तेव्हा तिचे हात थांबले. तेलाची वाटी बाजूला ठेवून ती पुढचं सगळं माझा पाय धरून ऐकत बसली.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी थंडीत करावं, लिंबू-मीठ जवळ ठेवावं आणि बसायला लाजू नये. पाय दहा दिवसांत बरे झाले. कागद पेटीत गेला. आता मी पुन्हा धावतच कामावर जातो.

यंदा मात्र सिंधूच्या सांगण्यावरून रस्त्याकडेच्या आमच्या ओट्यावर पाण्याचा रांजण ठेवला आहे. बाजाराला जाणारे-येणारे थांबतात, ओंजळीनं पितात, तोंडावर मारतात. परवा एक म्हातारे गृहस्थ पाणी पिऊन सावलीला टेकले आणि त्यांनी विचारलं, “पाणपोई कोणाच्या नावानं घातली?”

“देवभान्याच्या सखूअक्काच्या.”

त्यांनी हात जोडले. “कधी वारल्या?”

“छे हो!” आतून सिंधूच ओरडली. “चांगल्या ठणठणीत आहेत. आत्ता मोट हाकत असतील.”