एका काचेवरचे दोन तुकडे

प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीण म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. कुणी खऱ्या नावाने हाक मारली की आपलं काहीतरी चुकलंय असंच तिला वाटे. रुग्णांच्या शरीरातून काढलेले गाठींचे तुकडे मेणात बसवून आधी तिच्या सहकाऱ्याकडे जात. तो यंत्रावर त्यांचे इतके पातळ काप काढी की त्याचं नावच पापुद्रा पडलं होतं. ते काप काचेवर चढले की रंगारिणीच्या ताब्यात येत. कुठला थेंब किती वेळ राहू द्यायचा, कधी धुवायचा, कधी हात आवरता घ्यायचा, हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं.

त्यातही तिचा हातखंडा तपकिरी रंगाचा. फुप्फुसाच्या काही गाठी भारी नाटकी असतात. पेशी फुप्फुसातल्या, पण वागतात चेतापेशींसारख्या. चेतापेशी एकमेकींना निरोप धाडतात ते इवल्या पिशव्यांत भरून. त्या पिशव्यांच्या कातडीत सिनॅप्टोफायसिन नावाचं एक प्रथिन असतं. या गाठींतल्या पेशीसुद्धा तेच प्रथिन तयार करतात. रंगारिणीने घातलेला रंग नेमका त्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, आणि गाठीने पांघरलेला वेष उघडा पडतो. मग डॉक्टरांना कळतं की ही गाठ कुठल्या जातीची आणि कुठलं औषध तिच्यावर चालेल.

पण रंग चढलाच नाही तर? गाठ तशी नाही म्हणून चढला नाही, की रंगच शिळा होता? हा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक काचेच्या डाव्या टोकाला ओळखीचा एक तुकडा बसवायची रीत होती. त्यात चेतापेशी आहेत हे आधीपासून माहीत असलेला. तो तपकिरी झाला तरच शेजारच्या अनोळखी तुकड्यावर विश्वास ठेवायचा. या कामाला अपेंडिक्स उत्तम, कारण त्याच्या भिंतीत चेतापेशींचे पुंजके असतात. आणि या प्रयोगशाळेतलं अपेंडिक्स होतं रंगारिणीच्या दादाचं.

काही वर्षांपूर्वी दादाचं पोट दुखलं, अपेंडिक्स काढलं, तपासून झाल्यावर चांगला भाग उरला. तो वापरायला परवानगी द्याल का, असं विचारल्यावर दादाने झोकात सही ठोकली होती. "घ्या की! आमच्या घरातलं कुणीतरी कायमच्या नोकरीला लागलं म्हणायचं." दादा स्वतः वायरमन. आज या घरी पंखा, उद्या त्या दुकानात मीटर. बहिणीला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "आमचा तुकडा आला का कामावर?"

"आला. तुझ्यासारख्या दांड्या नाही मारत तो."

या दोघांचं सगळं बोलणं असंच भांडणाच्या चालीवर. पण त्याखाली एक पक्की गोष्ट होती. ती लहान असताना वडील वारले, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी तिला सांगितलं होतं की बाबा कामाला लांब गेलेत. ती रोज संध्याकाळी त्यांच्या चपला दाराशी जोडून ठेवायची. कुणी तिला अडवलं नाही. सगळे नुसते तोंड फिरवायचे. शेवटी दादाने तिला मागच्या पायऱ्यांवर नेलं. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. "बाबा नाही येणार. ते मेलेत," तो म्हणाला. मग तिचं रडून झाल्यावर, "बाकीचे काहीही सांगू देत. मी तुला कधी खोटं सांगणार नाही. काहीही असलं तरी मला विचारायचं." त्या दिवसापासून जगातली कुठलीही गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचं तर ती दादाला विचारी. नवरासुद्धा चेष्टेने म्हणे, "आपलं लग्न झालंय हे तरी स्वतः मान्य केलंयस, की तेही दादाला विचारलंस?"

यंदा दादाने सिगारेट सोडली. वर्षानुवर्षं ती त्याच्या मागे हात धुऊन लागली होती. खिशातली पाकिटं काढून नळाखाली भिजवायची. आता एकदम सुटली म्हटल्यावर तिने तो आपला विजय मानला आणि शेजारीपाजारी सांगत सुटली. दादाही मान डोलवायचा. "तुझ्या तोंडापुढे कोण टिकणार बाई!" पुढे त्याने डोकं सफाचट केलं. ती पोट धरधरून हसली. "विझलेला बल्ब दिसतोयस!"

"उरले होते किती केस? रोज त्यांची हजेरी घ्यायचा कंटाळा आला," दादा म्हणाला आणि टोपी कानांपर्यंत ओढून घेतली. वहिनी तेव्हा ओट्याजवळ पाठ करून उभ्या होत्या. तशाच उभ्या राहिल्या.

एका सकाळी मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांना दाखवायला चांगल्या काचा काढून ठेवायला सांगितल्या. रंगारिणीने पेटीतून एक काच लगेच उचलली. ही तिची लाडकी. तीन महिन्यांपूर्वी रंगवलेली. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती स्वतःच खूश झाली होती. डाव्या टोकाला दादाच्या अपेंडिक्समधले चेतापेशींचे पुंजके, उजवीकडे फुप्फुसातली गाठ, आणि दोन्हींवर तपकिरी रंग असा बेताचा आणि स्वच्छ की बघत राहावं. "ये ये, बघून जा, किती सुंदर आलंय!" असं म्हणत तिने पापुद्र्याला ओढून आणलं होतं. त्याने डोळा लावला न लावला, आणि चहाचं निमित्त करून निघून गेला होता. त्याला काही सौंदर्यदृष्टीच नाही, असं तिने तेव्हा ठरवून टाकलं.

"ही नको," मॅडम म्हणाल्या.

"का? हिच्यासारखी दुसरी नाही, मॅडम. तुम्हीच तर म्हणाला होतात—"

"मी काही म्हणाले नव्हते. दुसरी काढ."

"पण का?"

पापुद्र्याचं यंत्र थांबलं. रंगारिणीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. काचेवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. नाव फक्त मॅडमना आणि बाहेर नोंद करणाऱ्या बाईंना ठाऊक असतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती काच तुझ्या भावाची आहे. दोन्ही तुकडे त्याचेच आहेत."

ती हसली. हसू आधी आलं, अर्थ मागून. मग तिने काच पेटीत ठेवायला हात पुढे केला, तर ज्या बोटांनी आजवर एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, त्या बोटांना खाच सापडेना.

"तुला माहीत होतं," ती पापुद्र्याला म्हणाली.

"जिन्यात भेटला होता मला. त्या आठवड्यात फुप्फुसाची एकच गाठ आली होती. शपथ घातली गं त्याने. मी काय करणार?"

"मी तुला बोलावून दाखवलं ते. सुंदर म्हणाले मी!"

पापुद्र्याने यंत्राचं पातं पुसायला घेतलं.

ती तडक दादाच्या घरी गेली. दार वहिनींनी उघडलं. तिचा चेहरा बघून त्या काही न विचारता बाजूला झाल्या. "वन्सं, रागावू नका हो. ते म्हणाले..." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. दादा खिडकीपाशी एका जुन्या पंख्याचं पोट उघडून बसला होता. शेजारी औषधांचा डबा. आजवर ती आली की तो डबा कुठे जात असेल?

"सिगारेट का सोडलीस?" तिने विचारलं.

दादाने पेचकस खाली ठेवला. "कळलं वाटतं."

"गावभर सांगत फिरले मी. माझ्यामुळे सुटली म्हणून! आणि तू मान डोलवत होतास."

"तुला किती आनंद झाला होता..."

"डोकं सफाचट केलंस तेव्हा मी हसले. बल्ब म्हणाले तुला."

"चांगला विनोद होता तो. खरंच. हसलो मीही नंतर."

"दादा!"

त्याने पंख्याचं झाकण बाजूला सरकवलं. मग हळू म्हणाला, "हे बघ, इथे येणारं प्रत्येक माणूस हलक्या पावलांनी येतं आता. हीसुद्धा. तुला कळलं असतं तर तूही तशीच आली असतीस. आणि तुला तर आतलं सगळं समजतं. तू माझ्याकडे बघितलं असतंस आणि तुला काच दिसली असती. एक तरी माणूस माझ्याशी सरळ भांडणारं हवं होतं मला."

"म्हणून सगळ्यांना सांगितलंस आणि मला एकटीला सोडलंस?"

"तुला सोडलं नाही गं. तुला राखून ठेवलं."

"मी चपला जोडत बसले होते, दादा. पुन्हा. या खेपेला तूही तोंड फिरवून उभा होतास." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आणि तुला वाटतंय मी तुझ्याशी भांडत होते. तीन महिने मी ज्याच्याशी भांडले, तो तू नव्हतासच."

 दादाने पेचकस उचलला, पण पंख्याचं काम काही पुढे सरकलं नाही.

पुढच्या आठवड्यात तोच प्रयोगशाळेत आला. टोपी घालून, धापा टाकत, दोनदा जिन्यात थांबून. "मला दाखव ती काच," म्हणाला. ती नाही म्हणाली. तो स्टूल ओढून बसून राहिला. शेवटी तिने पेटी उघडली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"हे तुझं आतडं. ते तपकिरी पुंजके दिसतात ना, त्या चेतापेशी."

"म्हणजे वायरिंग."

"हो. तिथे ते असायलाच हवं." तिने काच सरकवली. "आणि ही गाठ."

दादा बराच वेळ बघत होता. "रंग तर सारखाच आहे की. म्हणजे इथे चोरून लाइन ओढलीये कुणीतरी." आपल्या धंद्यातली चोरी दिसल्यावर त्याला क्षणभर मजाच वाटली. मग डोळा न काढता त्याने विचारलं, "बरं होईल का? डॉक्टर गोल गोल बोलतात. तू सांग."

सगळं ठीक होईल, हे शब्द तिच्या ओठांवर आले. कुणी न बोलावता, तयार होऊन. तीच दचकली. इतकं सोपं असतं तर हे! मान डोलवताना दादालाही असंच सोपं गेलं असणार.

"औषधाने ही लवकर आक्रसते," ती म्हणाली. "पण बहुतेकदा परत येते. तुझी येईलच असं नाही. पण येते."

दादाने मान हलवली. "बाबांचं मी असंच सांगितलं होतं ना तुला? सरळ."

"हो. म्हणून मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

'होता' त्याने ऐकला. टोपी नीट केली, स्टूल जागेवर सरकवलं आणि दाराकडे निघाला. तेवढ्यात पापुद्रा नव्या काचांचा ट्रे घेऊन आला. दादाला बघून जरा घुटमळला, मग खालच्या आवाजात म्हणाला, "काय गं, डाव्या टोकाला अजून तेच अपेंडिक्स आहे. चालेल? की दुसरं काढू कुणाचं?"

"तेच राहू दे," रंगारीण म्हणाली. "त्या तुकड्याने मला कधी फसवलेलं नाही."

प्रयोगशाळेचं दार सोडलं की आपोआप बंद होई, खट्ट आवाज करून. ती तो आवाज ऐकायला थांबली. आवाज आला नाही. कुणीतरी दार धरून उभं होतं. ती वळली नाही. तिने पहिली काच समोर घेतली आणि डाव्या तुकड्यावर थेंब सोडला.