रेडिओवर न घेतलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं सगळं खोदून काढणारी. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. सांगायला बसलोय खरा — उठून जायच्या आत ऐकून घ्या.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नंदुरबारच्या शाळेत मराठी शिकवायचो, राहायचो कोरीटला, सायकलवरून जा-ये. आणि मी मूकपटांच्या काळावर एक पुस्तक लिहिलं. हसा, हसा. खेड्यातला मास्तर आणि सिनेमाचा इतिहास — स्टाफरूममध्येही असेच हसले होते. पण पुस्तकाबद्दल एक-दोन पेपरांत बरं छापून आलं आणि मुंबईच्या रेडिओवर मुलाखतीचं बोलावणं आलं. मग स्टाफरूममधलं हसणं जरा थांबलं. मला ते फार गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांनी वाखाणलं ते एकच प्रकरण — नट्यांवरचं. ऊन उतरलं की काम बंद. चंदेरी कागद चिकटवलेले फळे धरून बायकांच्या तोंडावर उजेड पाडायचे, डोळे नुसते चुरचुरायचे, मग बिऱ्हाडी जाऊन ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून पडायचं. लेखक जणू तिथे हजर होता, असं कुणीतरी लिहिलं. मी कुठला हजर! हजर होती माझी फुई.

फुई म्हणजे आत्या, वडिलांची बहीण. द्वारका तिचं नाव. अगदी कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली आणि एक दिवस सुरतेच्या गाडीत बसून परस्पर मुंबईला निघून गेली. तिथे मूकपटांत कामं केली — राणीची दासी, राक्षसीण, एकदा तर घोड्यावरची दरोडेखोरीण. मग बोलपट आले. फुईनं तोंड उघडलं की अहिराणी! कोण ठेवून घेणार? आली परत.

ती मुंबईत काय करत होती, ते गावानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं. काय ठरवलं असेल, ते मी सांगायला हवं का? लग्नघरी बायका भाकऱ्या थापायला बसल्या की फुईला पिठाला हात लावू देत नसत. आजोबांनी घरात तो विषयच बंद केला. तीही गप्प राहिली, तीस वर्षं. मी पुस्तकासाठी विचारलं तेव्हा कुठे बोलती झाली — आणि मग काय, थांबेचना! घोड्यावर कशी बसायची ते दाखवायला ओसरीच्या कठड्यावर चढून बसली होती वेडी.

पुस्तकात मी 'एक जुनी नटी' एवढंच लिहिलं. तेही तिनं चालवून घेतलं. पण मुलाखतीचं कळलं तशी माझ्यासमोर येऊन बसली.

"पुस्तक आठे कोन वाचस रे? रेडिओ समदं गाव आयकस. तठे मन्हं नाव ले. मी काम करे तठे — हाई गावले समजू दे."

"लिसू, फुई," मी म्हणालो. नाव घेईन.

मुंबईला गेलो. गाद्या लावल्यासारख्या भिंतींची खोली, समोर मुलाखत घेणारे गृहस्थ — काय त्यांचं ते मराठी! माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी एखादं अहिराणी 'शे' निसटू नये म्हणून मी शब्द तोलून-मापून बोलत होतो. त्यांनी कौतुकानं विचारलं, या नटीची गाठ तुम्हाला कुठे पडली?

आता बघा — तीन शब्द पुरेसे होते. ती माझी आत्या. पण मला त्या क्षणी स्टाफरूम दिसली. आमचे जातभाई दिसले. आणि त्याहून क्षुद्र एक गोष्ट — त्या गृहस्थांना मी संशोधक वाटत होतो. घरातल्या बाईनं सांगितलेलं उतरवून काढणारा वाटायचं नव्हतं मला. मी म्हणालो, मुंबईच्याच एक बाई होत्या. आता त्या हयात नाहीत.

ते हळहळले. पुढचा प्रश्न आला.

एवढंच असतं तर एखादे वेळी मी स्वतःला सांभाळून घेतलं असतं. तोंडातून निघून गेलं, म्हटलं असतं. पण ती मुलाखत लगेच लागणार नव्हती. त्या दिवशी नुसती ध्वनिमुद्रित केली. लागायची होती पंधरवड्यानंतर. मी घरी आलो. फुईनं दारातच विचारलं, लिधं का नाव? मी — मी हो म्हणालो.

पंधरा दिवस! रोज तिच्या हातची भाकरी खात होतो. एकदा तरी सांगता आलं असतं ना? काहीतरी होईल असं वाटायचं. वीज जाईल, ग्रामपंचायतीचा रेडिओ बिघडेल. असल्या आशेवर बसलो होतो मी, शिकलेला माणूस.

रेडिओ ठणठणीत होता. संध्याकाळी पंचायतीपुढे लोक जमले, मास्तर बोलणार म्हणून बायकाही आल्या. फुई ठेवणीतलं लुगडं नेसून, तेल लावून चापून अंबाडा घालून आली. कधी नाही ते पुढे बसली. ज्या बायका पिठाला हात लावू देत नसत, त्यांना म्हणाली, "आयका वं, मन्हं नाव शे त्यामा."

मी मागे उभा होतो. माझाच आवाज कर्ण्यातून आला — आता त्या हयात नाहीत.

कुणीतरी हसलं. फुईनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. उठली आणि चालू लागली. मी मागोमाग गेलो. काय सांगणार होतो, देव जाणे.

आमच्याकडे माणूस गेल्याचं कानावर आलं की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतात, मगच घरात पाऊल टाकतात. फुई अंगणात न्हाणीच्या दगडावर बसली होती. ठेवणीतल्या लुगड्यासकट तांब्यावर तांबे ओतून घेत होती. मी हात धरायला गेलो.

"ऱ्हाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "मन्ही आंघोळ कोन करी? मीच करी लेस."

रडली नाही, ओरडली नाही. ओलेत्यानं उठली, लुगडं बदललं, मला जेवायला वाढलं. आणि मी जेवलो.

सिनेमाचं अक्षर तिनं पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही. सोपं पडलं मला ते.

तीन-चार वर्षांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशकानं विचारलं, काही बदल करायचा आहे का? मी सबंध दिवस विचार केला आणि कळवलं — काही नाही. फुई तेव्हा ओसरीत शेंगा फोडत बसली होती.